मे महिन्याचं बिल आणि आबांचा पंखा

धायरीच्या एका ताईंनी विचारलं आहे. दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात चार माणसं: त्या, त्यांचे पती, बारावीतली मुलगी आणि सासरे. जानेवारीत १९० युनिट पडले, बिल २,१०० रुपयांच्या आसपास. मे महिन्यात ४१२ युनिट आणि बिल जवळजवळ ५,९००. युनिट दुपटीपेक्षा थोडे जास्त झाले, तर पैसे पावणेतीन पट कसे? मीटर पळतोय का? फ्रिज चौदा वर्षांचा आहे, दुकानदार म्हणतो तोच वीज खातो, बदलून टाका. एसी दीड टनी, तीन स्टारचा, चार वर्षांपूर्वीचा, रात्री २१ वर असतो. तो काढून पाच स्टारचा घ्यावा का? आणि शेवटी एक ओळ: "मुलीचा चार्जर खोचलेला राहतो म्हणून रोज वाद होतो, आणि आबा बिल वाढेल म्हणून दुपारी पंखा बंद करून बसतात."

ताई, मी पुण्यात सव्वीस वर्षं वायरिंगची आणि घरांचा लोड तपासायची कामं करतो. फ्रिज-एसीचं उत्तर देतोच, पण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला त्या शेवटच्या ओळीत दिसते. कशाला किती वीज लागते हे माहीत नसलं की घरात काटकसर होते ती चुकीच्या ठिकाणी, आणि बहुतेक वेळा ती घरातलं सगळ्यात समजूतदार माणूस स्वतःच्या अंगावर घेतं. म्हणून आधी हिशेब, मग खरेदी.

पहिला मुद्दा, पैसे पावणेतीन पट का. आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांत आहे: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा बराच चढा. नेमका दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत राहतो, म्हणून मी तुमच्या दोन बिलांशी जुळतील असे गोल आकडे धरतो. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन मिळून पहिल्या शंभराला युनिटमागे ६ रुपये, १०१ ते ३०० ला १२, ३०१ ते ५०० ला १७. त्यात स्थिर आकार १५० च्या आसपास आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. या आकड्यांनी १९० युनिटांचे २,१२० आणि ४१२ युनिटांचे ५,८६० होतात. म्हणजे तुमची दोन्ही बिलं एकमेकांशी जुळतात. आकारणीत चूक नाही.

इथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरी भेटतो: ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटांना चढा दर लागतो. तसं नाही. पहिल्या शंभराला पहिलाच दर राहतो, वरच्या युनिटांनाच वरचा लागतो. पण याचीच दुसरी बाजू फार कामाची आहे. तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी ढिगाच्या वरचं असतं, सगळ्यात महाग असलेलं. मे महिन्यात तुमचा सरासरी दर १४ रुपये आला, पण वाचलेल्या प्रत्येक युनिटाची किंमत १७ अधिक १६ टक्के, म्हणजे जवळपास २० रुपये आहे. जानेवारीत तेच युनिट वाचवलं तर १४ रुपये. शंभराच्या आत राहणाऱ्या एखाद्या आजींच्या घरी जेमतेम ७. म्हणून "अमुक उपकरण बदललं तर किती वाचतील" याचं सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. तोच पंखा तुमच्या घरी वर्षाच्या आत पैसे फेडेल आणि त्या आजींच्या घरी त्याला तीन वर्षं लागतील.

आणखी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीत. फ्लॅट वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे का. बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे का. एसीचा बाहेरचा भाग मोकळ्यावर आहे की ड्राय बाल्कनीत. इमारतीत सोलरचं गरम पाणी येतं का. पुढे जिथे या गोष्टींनी फरक पडतो तिथे सांगतो.

आता मीटर पळतोय का ते. हे तुम्ही स्वतः दहा मिनिटांत बघू शकता. दिवसा, घरातलं मेन स्विच बंद करा आणि खाली जाऊन तुमच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. सगळं बंद असताना तो लुकलुकायला नको. लुकलुकला, तर तुमच्या मीटरवर दुसरं काहीतरी चालतं आहे. कसबा पेठेत एका जुन्या इमारतीत मला असं सापडलं होतं. मेन बंद, तरी दिवा चालू. जिन्यातल्या दिव्यांची आणि शेजारच्या गॅलरीची वायर वर्षानुवर्षं त्याच मीटरवरून गेलेली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, कधीतरी रंगकामाच्या वेळी वायरमनने जवळचा पॉइंट धरला होता. दुसरा प्रकार अधिक फसवा: दोन फ्लॅटच्या न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, वायर एकमेकींत मिसळलेल्या असतात. आपले मीटर फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आणि न्यूट्रल या दोन्हींतला प्रवाह बघतात आणि जो जास्त असेल त्यावर मोजतात. त्यामुळे शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून गेला की तुमचं मीटर जास्त दाखवतं आणि मीटर मात्र अगदी निर्दोष असतं. गिझरची कॉइल फुटून वीज अर्थिंगमध्ये झिरपत असेल तरी तसंच, आणि ते जिवाला धोक्याचंही आहे. अशी शंका आली तर परवानाधारक वायरमनला बोलवा. हे काम घरच्या माणसाने करायचं नाही.

दिवा थांबला, तर दुसरी चाचणी. मीटरवर ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त थंड इस्त्री पूर्ण तापमानावर लावा आणि पहिल्या मिनिटात किती लुकलुक होते ते मोजा. इस्त्री थंडच हवी, नाहीतर तिचा थर्मोस्टॅट मध्येच तोडतो. ३२०० च्या मीटरवर ७५० वॅटची इस्त्री मिनिटाला ४० वेळा, १००० वॅटची ५३ वेळा. व्होल्टेज कमी-जास्त असतं, म्हणून दहा टक्के इकडेतिकडे चालेल. साठ-सत्तरवर गेलं तर मीटर तपासणीचा अर्ज करा. माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारींत मीटर बरोबर निघतं. बिलावर मात्र एक गोष्ट नक्की बघा: मागील आणि चालू रीडिंग खरंच घेतलेलं आहे का सरासरी लावली आहे, आणि बिल किती दिवसांचं आहे. दोन महिन्यांचं एकदम आलं असेल तर टप्पेही दोन महिन्यांचे धरलेले असायला हवेत.

मग ४१२ युनिट गेले कुठे? वॅट गुणिले तास भागिले हजार, हे गणित सगळ्यांना माहीत असतं. पंखा, दिवा, टीव्ही यांना ते चालतं. एसी, फ्रिज, गिझर, इस्त्री यांना चालत नाही, कारण ती स्वतःच मध्ये थांबतात. मिक्सरवर ७५० वॅट लिहिलेलं बघून लोक घाबरतात, पण तो पाच मिनिटं चालतो. महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. वॅटपेक्षा तास जास्त खातात.

तुमच्या वर्णनावरून मी मे महिन्याची मांडणी अशी करतो. एसी रोज रात्री आठ तास, साधारण ५.८ युनिट, महिन्याचे १७५. चार जुने पंखे ७५ वॅटचे, सगळ्यांचे मिळून रोज ४८ तास, म्हणजे ३.६ युनिट, महिन्याचे १०८. जुना फ्रिज उन्हाळ्यात रोज दोन, म्हणजे ६०. गिझर मे महिन्यात आबांपुरताच लागत असावा, १५. राहिलं ५५: दिवे, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, कपड्यांचं मशीन, इस्त्री, पाण्याचा फिल्टर. बेरीज ४१३. एक युनिटाचा फरक हा योगायोग आहे, माझं कौशल्य नाही. यातला कुठलाही आकडा वीस टक्क्यांनी चुकू शकतो. म्हणूनच माझ्या अंदाजावर खरेदी करू नका, तुमच्या मीटरवर करा.

त्यासाठी यंत्र लागत नाही, दोन रात्री लागतात. पहिल्या रात्री साडेदहाला मीटरचं रीडिंग दशांशासकट लिहा, नेहमीसारखा एसी लावा, सकाळी साडेसहाला पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री बाकी सगळं तसंच ठेवून एसी लावू नका. फ्रिज, पंखे, राउटर दोन्ही रात्री सारखेच असल्याने वजाबाकीत निघून जातात आणि उरतो तो एसी. ज्या वहीत दूधवाल्याचा हिशेब लिहिता तीच पुरे. प्लगमध्ये खोचायचा मीटरही हजार-दीड हजारात मिळतो, तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत विचारा. फ्रिजसाठी तो उपयोगी पडतो. सोसायटीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी भागतं.

एक युक्ती आणखी. घरात या क्षणी किती वॅट चालू आहेत हे त्या लाल दिव्यावरूनच कळतं. ३२०० च्या मीटरवर दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोजा आणि ११,२५० ला त्या आकड्याने भागा. नव्वद सेकंद लागले तर १२५ वॅट. १६०० चं मीटर असेल तर २२,५०० ला भागा. रात्री सगळे झोपल्यावर, एसी आणि पंखे दोन मिनिटं थांबवून, फ्रिजचा कंप्रेसर बंद असताना हे केलंत की कुणी वापरत नसताना घर काय खातं ते दिसतं. तीस-चाळीस वॅट असेल तर ठीक. शंभराच्या वर असेल तर शोधायला हवं.

बहुतेक घरांत तिथे सेट-टॉप बॉक्स सापडतो. रिमोटने बंद केला तरी तो जवळपास चालू असल्याइतकीच वीज घेत राहतो. बारा वॅट धरा, चोवीस तास, महिन्याचे साडेआठ युनिट, तुमच्या मे महिन्याच्या दराने १७० रुपये. आता आबांचा पंखा बघा. दुपारचे चार तास, ७५ वॅट, महिन्याचे नऊ युनिट, १७५ रुपये. ताई, हे दोन आकडे शेजारी ठेवून घरात सगळ्यांना दाखवा. आबा उकाड्यात बसून जेवढं वाचवतात जवळजवळ तेवढंच तो डबा घालवतो, आणि त्यातलं बरंचसं टीव्ही बंद असताना. आणि मुलीचा रिकामा खोचलेला चार्जर? चांगला चार्जर अर्ध्या वॅटच्याही आत असतो, महिन्याला फार तर सात रुपये. त्यावरून बारावीच्या मुलीला बोलणं आजपासून थांबवा. सेट-टॉप बॉक्सला मात्र स्विच असलेली पट्टी लावा आणि रात्री तो भिंतीवरूनच बंद करा.

घरात इन्व्हर्टर असेल तर तोही तपासा. बॅटरी म्हातारी झाली किंवा पाणी कमी पडलं की ती भरतच नाही आणि दिवसरात्र चार्ज होत राहते. बिबवेवाडीत एका घरी इन्व्हर्टर एकटा दिवसाला युनिटभर घेत होता. बॅटरी सहा वर्षांची होती आणि हाताला गरम लागत होती. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हाच्या दोन तासांसाठी आपण वर्षभर ते पैसे भरत असतो.

आता एसी. चार वर्षांचा चालता एसी काढून पाच स्टारचा घेऊ नका. कारण सांगतो. स्टारच्या लेबलवरचे वार्षिक युनिट हे वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेले असतात. पुण्यात आपण एसी मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत लावतो, नव्वद रात्री, आठ तास, म्हणजे ७२० तास. लेबलच्या निम्म्याहून कमी. दीड टनी तीन आणि पाच स्टारमध्ये लेबलवर साधारण २०० ते २५० युनिटांचा फरक असतो, तुमच्या वापराला तो शंभर युनिटांचा होतो, म्हणजे वर्षाला दोन हजार रुपये. नवीन एसीला चाळीस-पंचेचाळीस हजार घालून दोन हजार वाचवायला वीस वर्षं लागतील. पहिल्यांदाच एसी घेणाऱ्याचं गणित वेगळं आहे. दोन्हींच्या किमतीत सात-आठ हजारांचा फरक असेल तर चार वर्षांत तो निघतो, त्याने पाच स्टारच घ्यावा. ज्याचं घरून काम चालतं आणि एसी दिवसभर लागतो त्याने तर नक्कीच.

तुमच्या एसीत वाचवण्यासारखं आहे ते २१ या आकड्यात. तापमान एक अंश वर नेलं की साधारण सहा टक्के वीज कमी लागते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासूनचे एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात ते त्याच ब्युरोच्या सल्ल्याने केलेल्या सरकारी नियमाने. २६ वर ठेवा आणि छताचा पंखा मंद चालू ठेवा. हलत्या हवेत २६ अंश हे बंद हवेतल्या २४ सारखे वाटतात. पहिल्या दोन रात्री घरचे कुरकुरतील, म्हणून एकदम नको, रोज एक अंश वाढवा. मी हे डझनभर घरांत करून घेतलं आहे आणि २६ वर झोप लागत नाही असं सांगणारी घरं फार थोडी निघाली. त्यातली बरीच स्लॅबखालची होती. तुमचा वरचा मजला असेल तर सोसायटीला विचारून गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खोलीत ऊब सोडत राहतो आणि एसी आधी तीच उपसत बसतो.

पुण्याच्या हवेचा एक फायदा मुंबईकरांना नाही. आपल्याकडे मे महिन्यातही पहाटे गारवा येतो. टायमर साडेचारला लावा, एसी बंद झाल्यावर पंखा चालू राहू द्या, पाचला जो उठेल त्याने खिडक्या उघडाव्यात. एसी रोज दोन तास कमी चालतो, आणि कुणाला कळतही नाही. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. आणि बाहेरचा भाग ड्राय बाल्कनीत असेल तर तिथे जाऊन बघा. अनेक नव्या इमारतींत तो तिथे कोंबलेला असतो, समोर जाळी, जाळीवर वाळत घातलेल्या चादरी. गरम हवा बाहेर जायला वाट नाही, मग तीच पुन्हा आत ओढली जाते. एसी रात्रभर चालू असताना त्याच्यासमोर कपडे नकोत, एवढं केलं तरी फरक पडतो.

पंख्यांवर मात्र पैसे खर्च करा, आणि सगळ्यांत आधी करा. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी या कमी वीज घेणाऱ्या मोटरचा नवा पूर्ण वेगाला ३० च्या आसपास आणि मंद वेगाला याहून बराच कमी. पण चारही एकदम बदलू नका. हॉलचा आणि आबांच्या खोलीतला, हे दोन मिळून दिवसाला तीस तास चालतात, तेवढेच घ्या. रोज १.३५ युनिट, महिन्याला ४० युनिट वाचतात. मे महिन्यात ८०० रुपये, पावसाळ्यात वापर कमी आणि दरही खालचा म्हणून तीन-चारशे. दोन पंख्यांना सहा हजार धरले तर साधारण वर्षभरात पैसे परत. क्वचित लागणारा पंखा बदलून काही मिळणार नाही. बसवताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला सांगा, हे पंखे रिमोटवर चालतात आणि जुन्या रेग्युलेटरने त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स बिघडतं. जिथे जुने पंखे राहतील तिथे भिंतीवरचा मोठा, गरम होणारा चौकोनी रेग्युलेटर असेल तर तो इलेक्ट्रॉनिक करून घ्या. मोठा रेग्युलेटर वेग कमी करतो आणि वाचलेली वीज उष्णता करून तिथेच घालवतो.

फ्रिजबद्दल दुकानदार कदाचित बरोबर असेल, पण त्याने मोजलेलं नाही. प्लगचा मीटर लावून सलग तीन दिवस मोजा, एका तासावरून अंदाज करू नका. चौदा वर्षांचा अडीचशे लिटरचा फ्रिज दिवसाला दोन युनिटांच्या वर घेत असेल तर बदलायला हरकत नाही. नवा तेवढाच फ्रिज पाऊण युनिटाच्या आत राहतो. महिन्याला अडतीस-चाळीस युनिट, वर्षाला सहा-साडेसहा हजार, म्हणजे चारेक वर्षांत फेड. एक-सव्वा युनिट घेत असेल तर अजून चालू द्या. मोजण्याआधी दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर गार हवाही तिथूनच निघते आहे. रबर काही शेकड्यांत बदलून मिळतं. फ्रिज भिंतीला चिकटलेला असेल तर वीतभर पुढे ओढा, मागची जाळी झाडून घ्या. आणि नवा घेतलात तर जुना घरात ठेवू नका. औंधमधल्या एका काकूंनी नवा फ्रिज घेतला आणि जुना गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवला. त्यांचं बिल खाली येण्याऐवजी वर गेलं.

गिझर आत्ता राहू द्या, पण नोव्हेंबरसाठी लक्षात ठेवा, कारण तुमच्या जानेवारीच्या १९० मध्ये सत्तरएक युनिट त्याचेच असणार. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॅट-तास लागतात, यात कुठल्याच कंपनीला सूट नाही. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायची तर जवळजवळ अर्धं युनिट. चार आंघोळी म्हणजे दोन युनिट. म्हणून तिथली बचत गिझर बदलून होत नाही, पाणी कमी तापवून होते. थर्मोस्टॅट ६५ वरून ५० वर आणा, आंघोळी एकापाठोपाठ एक करा, शॉवरऐवजी बादली. रात्रभर गिझर चालू राहिला तर मोठं नुकसान होतं असं लोक मानतात. १५ लिटरच्या चांगल्या टाकीचा रात्रभराचा तोटा अर्ध्या युनिटाच्याही आत असतो. बंद करावा, पण त्यावरून भांडू नये. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात. त्याने वीज वाढते असं सांगितलं जातं, पण पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरं नुकसान हे की कॉइल आतून जास्त तापून जळते आणि फुटते. वर्षातून एकदा साफ करायची ती त्यासाठी. इमारतीत सोलरचं पाणी येत असेल तर थंड पाण्याच्या पहिल्या दोन बादल्या कपड्यांना, फरशीला वापरून पुढचं गरम पाणी आंघोळीला घ्या.

काही गोष्टी थोडक्यात. प्लगमध्ये खोचून तीस टक्के बिल कमी करतो असं सांगणारा डबा दारावर विकायला येतो, तो घेऊ नका. त्यात फार तर एक कपॅसिटर असतो आणि घरगुती बिल ज्या युनिटांवर येतं त्यात त्याने काही फरक पडत नाही. इंडक्शनवर रोजचा स्वयंपाक करायचा विचार असेल तर तुमच्या टप्प्यात तो परवडणार नाही. एका घरगुती सिलिंडरचं काम करायला साधारण १३० युनिट लागतात, तुमच्या सगळ्यात स्वस्त महिन्यातही त्यांचे निदान १,८०० रुपये होतात. तुमच्याकडे नवा टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा, मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला थोडी सवलत आहे. कपड्यांचं मशीन आणि इस्त्री त्या वेळेत करा, पण सवलत युनिटामागे रुपयाच्या आतबाहेरची आहे, तिच्यासाठी घराचं वेळापत्रक मोडू नका. गच्चीवरच्या सोलरला पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट पुण्यात दिवसाला चारेक युनिट देतं आणि ते तुमच्या महागड्या टप्प्यातून आधी वजा होतात, त्यामुळे गणित चांगलं बसतं. पण फ्लॅटमध्ये गच्ची सगळ्यांची असते. सोसायटीची लेखी संमती आधी, कोटेशन नंतर.

आता क्रम. या आठवड्यात मेन बंद करून दिवा बघा आणि दोन रात्रींची रीडिंग घ्या. एसी २६ वर आणि टायमर साडेचारला, याला पैसे लागत नाहीत आणि माझ्या अंदाजाने महिन्याला ५५ ते ६० युनिट वाचतात. मग दोन पंखे, ४० युनिट. ४१२ चे ३१५ झाले की बिल चार हजारांच्या आत येतं, म्हणजे १,९०० रुपये कमी, आणि अजून फ्रिजला हात लावलेला नाही. फ्रिजचे तीन दिवसांचे आकडे आले की मला कळवा, बदलायचा की नाही ते त्यावरून ठरवू. दोन रात्रींची रीडिंगही पाठवा. एसीचा माझा रोज ५.८ युनिटांचा अंदाज चुकला असेल तर सगळी मांडणी पुन्हा करून देतो.

पंखे घ्याल तेव्हा पहिला आबांच्या खोलीत बसवा. त्यांना सांगा, हा दुपारभर चालवला तरी दिवसाला अडीच रुपयांच्या आत आहे, आणि तेवढे पैसे सेट-टॉप बॉक्सचा स्विच बंद करून आधीच वसूल झाले आहेत. नवा पंखा येईपर्यंत जुनाच चालू ठेवा. आज दुपारपासून.